अंत्यविधीची आगाऊ तजवीज

किहीमचा किनारा आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाचा आहे. सुरूची बने, नारळी-पोफळीच्या वाड्या आणि क्षितिजावर दिसणारी खांदेरी-उंदेरीची बेटे पाहण्यासाठी मुंबईकर येथे वर्षानुवर्षे येत आहेत. त्यांतील काहीजण निवृत्तीनंतर परत गेलेच नाहीत. आवास, किहीम, थळ या पट्ट्यात लहानसे घर बांधून त्यांनी आयुष्याची संध्याकाळ येथेच घालवण्याचे ठरवले. त्यांत आपली कॅथलिक कुटुंबेही आहेत. मुले मुंबईत किंवा परदेशात, नाव जुन्या धर्मग्रामाच्या नोंदवहीत, आईवडिलांची कबर तिसऱ्याच ठिकाणी आणि स्वतःचे बिऱ्हाड समुद्रापलीकडे, अशी त्यांची स्थिती असते. अशा वृद्ध बंधुभगिनींच्या मनात एक प्रश्न असतो. तो बोलून दाखवायला मात्र त्यांना संकोच वाटतो: "आमच्या शेवटच्या कार्याची व्यवस्था कोण करील, कुठे करील आणि त्याचा खर्च कोण सोसेल? आम्हीच आधी पैसे भरून ठेवावेत काय?"

किहीमच्या शेजारच्या नवगावी एक जुनी दफनभूमी आहे. बेने इस्राएल समाजाच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज ज्या गलबतातून आले ते याच किनाऱ्याजवळ फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. बुडालेल्यांची कलेवरे नवगावला पुरण्यात आली. तेथील स्मारकस्तंभ आजही ती आठवण जागवतो. त्या मृतांनी कोणाकडे काही आगाऊ भरले नव्हते, तरीही त्यांना मूठमाती मिळाली. मृताला सन्मानाने निरोप देणे हे जिवंतांचे कर्तव्य आहे, ही जाणीव या किनाऱ्याला फार पूर्वीपासून आहे. मग आपण स्वतः कशाची तजवीज करावी आणि कशाची करू नये, याचा विचार येथे करण्याचे योजिले आहे.

हा विषय अशुभ आहे काय?

घरात मरणाचा विषय निघाला की "असे अभद्र बोलू नका" म्हणून वडीलधाऱ्यांना गप्प बसवण्याची आपली रीत आहे. त्यामागे प्रेम असते हे खरे. परंतु पवित्र शास्त्र या विषयाला टाळत नाही. बेथानी येथे एका स्त्रीने मौल्यवान सुगंधी तेलाची कुपी फोडून प्रभू येशूच्या मस्तकावर ओतली. तीनशे दिनारांहून अधिक, म्हणजे मजुराच्या जवळजवळ वर्षभराच्या कमाईइतके ते तेल होते. "हे पैसे गरिबांना देता आले असते," अशी कुरकुर झाली. तेव्हा प्रभूने तिची बाजू घेतली आणि तिने आपल्या दफनाची तयारी आधीच केली आहे, असे सांगितले (मार्क १४:३-९). म्हणजे अंत्यविधीवर झालेला आगाऊ खर्च आणि त्यावरील वाद, हे दोन्ही शुभवर्तमानातच आहेत.

दुसरे उदाहरण अरिमथाईकर योसेफाचे. त्याने खडकात स्वतःसाठी नवी कबर खोदून ठेवली होती (मत्तय २७:६०). वेळ आली तेव्हा ती त्याने प्रभूसाठी दिली. स्वतःसाठी केलेली तजवीज दुसऱ्याच्या उपयोगी पडली. हे उदाहरण ध्यानात ठेवावे, कारण लेखाच्या शेवटी आपल्याला त्याच्याकडे परत यायचे आहे.

जुलै महिन्यातील एक रात्र

एक प्रसंग कल्पावा. जुलै महिना आहे. किहीमच्या एका घरात रात्री अकरा वाजता एका वृद्ध बंधूला देवाज्ञा होते. घरात केवळ त्यांची पत्नी आहे. थोरला मुलगा वांद्र्याला, धाकटी मुलगी कॅनडात. गेटवेहून मांडव्याला येणाऱ्या प्रवासी लाँचेस पावसाळ्यामुळे बंद आहेत. मुलाला रस्त्याने, पेण-वडखळमार्गे यावे लागणार.

त्या रात्री या बाईंसमोर एकामागून एक प्रश्न उभे राहतात. मृत्यूचा दाखला कोणता डॉक्टर देईल? मृतदेह सकाळपर्यंत घरी ठेवावा की अलिबागला शवागारात न्यावा? मुलगी येईपर्यंत थांबावे काय? मिस्सा मुंबईच्या जुन्या देवळात व्हावी की येथेच? दफन कुठे? वडिलांच्या कबरीत जागा आहे, असे ते एकदा म्हणाले होते. पण त्या कबरीचा कागद कुठे आहे? शववाहिकेचे, पेटीचे, कबर खोदणाऱ्यांचे पैसे लगेच द्यावे लागतील. बँकेचे खाते मात्र एकट्या त्यांच्याच नावावर आहे.

या प्रश्नांतील किती प्रश्न पैशाचे आहेत, हे मोजून पाहावे. फार तर दोन. उरलेले सारे माहितीचे आणि निर्णयाचे आहेत. जे पती पाच वर्षांपूर्वी शांतपणे एका कागदावर लिहून ठेवू शकले असते, ते पत्नीला शोकाच्या भरात, मध्यरात्री, अंदाजाने ठरवावे लागते. आगाऊ तजवीज म्हणजे काय, याचे खरे उत्तर येथे आहे. मागे राहणाऱ्यांना खर्चाची ओढाताण पडू नये आणि अंदाज बांधण्याची वेळही येऊ नये.

पूर्वजांनी काय केले?

अंत्यविधीसाठी आधी पैसे भरण्याची कल्पना आजची नाही. रोमजवळच्या लानुवियम या गावी इसवी सन १३६ मधला एक शिलालेख सापडला आहे. तो एका अंत्यविधी मंडळाच्या नियमांचा आहे. हे मंडळ ख्रिस्ती नव्हते. त्याच्या सभासदांत गुलामही होते. प्रवेशाच्या वेळी शंभर सेस्टर्स आणि चांगल्या द्राक्षारसाचा एक कुंभ, त्यानंतर दरमहा पाच आस ही तांब्याची किरकोळ नाणी, अशी वर्गणी होती. सभासद वारला की त्याच्या अंत्यविधीसाठी तीनशे सेस्टर्स मिळत. एखादा सभासद गावापासून वीस मैलांपलीकडे वारल्याची खबर आली, तर मंडळातील तिघांनी तेथे जाऊन त्याचा अंत्यविधी उरकावा, असाही नियम होता. किहीमला राहणाऱ्या आपल्या वृद्धांना नेमकी हीच चिंता असते.

आरंभीच्या ख्रिस्ती समूहांनी याच रिवाजाला वेगळे वळण दिले. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस तेर्तुलियन या ख्रिस्ती लेखकाने नोंदले आहे की, भाविक दरमहा स्वेच्छेने काही रक्कम जमा करीत आणि ती गरिबांच्या पोषणासाठी व त्यांच्या दफनासाठी खर्ची पडे. रोमन मंडळात ज्याने वर्गणी भरली त्याचाच अंत्यविधी होई. येथे ज्याच्याकडे भरायला काही नव्हते त्याचाही होऊ लागला. मृतांचे दफन हे दयेच्या सात शारीरिक कृत्यांपैकी एक मानले गेले, ते याच भावनेतून.

हा वारसा आपल्या रायगडच्या किनाऱ्यावरही आला. रेवदंड्याचा कोट आपण पाहिला असेल. चौल येथे पोर्तुगिजांचे ठाणे १५२१ पासून १७४० पर्यंत होते. १४९८ मध्ये लिस्बन येथे स्थापन झालेल्या मिझरिकॉर्दिया, म्हणजे दया, या बंधुसंघाच्या धर्तीवर गोव्यात, वसईत आणि चौलमध्येही असे संघ निघाले. मृत्युपत्रांतून मिळालेल्या देणग्या सांभाळणे, आजाऱ्यांची सेवा करणे आणि निराधारांचे दफन करणे ही त्यांची कामे होती. आज त्या कोटात पडक्या भिंती उरल्या आहेत. खाडीपलीकडे कोर्लईत मात्र माऊंट कार्मेल मातेच्या देवळाभोवती त्या काळाशी नाते सांगणारा ख्रिस्ती समाज आपल्या वेगळ्या बोलीसह नांदतो आहे. गोव्यातील अनेक धर्मग्रामांत कोन्फ्रारिया, म्हणजे बंधुसंघ, अजूनही आहेत. त्यांचे सभासद वर्गणी भरतात आणि सभासदाच्या अंत्ययात्रेला आपला खास झगा घालून हजर राहतात. आपल्या कोकणातील गावक्यांचा मयत फंड हा याच जातकुळीचा. या साऱ्यांत पैसा आगाऊ भरला जाई. पण पैसा भरणारा आणि खांदा देणारा हे एकमेकांना ओळखत असत.

आजच्या योजना: सावधगिरी कशाची?

आता हे काम कंपन्याही करू लागल्या आहेत. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय व्यापार मेळाव्यात एका भारतीय कंपनीने अंत्यविधी सेवेचा कक्ष मांडला, तेव्हा देशभर त्याची चर्चा झाली. अनेकांनी थट्टा केली. परंतु ज्यांची मुले दूर आहेत किंवा ज्यांना मूलबाळच नाही, त्यांना ही सोय हवीशी वाटली तर त्यात हसण्यासारखे काही नाही. प्रश्न एवढाच आहे की, आज भरलेला पैसा पंधरा वर्षांनंतर सेवेच्या रूपाने मिळेल याची हमी कोणाची?

ब्रिटनमध्ये अशा योजना फार प्रचलित आहेत. तेथे मार्च २०२२ मध्ये या व्यवसायातील एक कंपनी बुडाली. सुमारे ४६,००० ग्राहकांनी आपल्या अंत्यविधीचे पैसे तिच्याकडे भरले होते. त्याच वर्षी २९ जुलैपासून तेथील वित्तीय नियामक संस्थेने या योजनांवर आपली देखरेख सुरू केली. ज्या देशात हा व्यवसाय जुना आहे तेथेही असे घडले, हे लक्षात घ्यावे.

आपल्या देशात केवळ अंत्यविधीच्या आगाऊ योजनांसाठी असा स्वतंत्र नियामक नाही. कंपन्यांनी स्वीकारायच्या ठेवींविषयीच्या २०१४ च्या नियमांनुसार, सेवेसाठी घेतलेली आगाऊ रक्कम सर्वसाधारणपणे ३६५ दिवसांत त्या सेवेपोटी वळती व्हावी लागते. अन्यथा ती ठेव समजली जाते आणि ठेवींचे कडक नियम तिला लागू होतात. म्हणून कोणत्याही योजनेत पैसे भरण्यापूर्वी पुढील प्रश्न लेखी विचारावेत:

– रक्कम कंपनीच्या खात्यात जाते की स्वतंत्र विश्वस्त खात्यात अथवा विमा कंपनीकडे?
– कंपनी बंद पडल्यास रक्कम कोण परत करील?
– मन बदलल्यास किंवा गाव बदलल्यास रक्कम परत मिळते काय आणि किती कपात होते?
– मृत्यू मुंबईबाहेर, उदाहरणार्थ किहीमला, झाला तर सेवा मिळेल काय? मृतदेह आणण्याचा खर्च कोणाचा?
– कोणत्या सेवा समाविष्ट आहेत आणि कोणत्या नाहीत? कबरीचे शुल्क, धर्मग्रामाचा खर्च आणि फुले यांचा त्यात समावेश आहे काय?

उत्तरे तोंडी मिळत असतील आणि कागदावर मिळत नसतील, तर पैसे भरू नयेत. आणखी एक गोष्ट. अंत्यविधी, दफन, दहन, शवागार आणि मृतदेहाची वाहतूक या सेवा २०१७ च्या जीएसटी कायद्याने कराच्या कक्षेबाहेर ठेवल्या आहेत. या सेवांच्या बिलात असा कर लावलेला दिसला तर कारण विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे.

ख्रिस्तसभेचा नियम काय सांगतो?

सर्वप्रथम धर्मग्रामाचा प्रश्न. एखाद्या ठिकाणी कायम राहण्याच्या हेतूने आपण आलो, किंवा तेथे पूर्ण पाच वर्षे राहिलो, की ख्रिस्तसभेच्या कायद्यानुसार ते आपले निवासस्थान ठरते आणि तेथील धर्मग्राम आपले धर्मग्राम होते. मुंबईतील जुन्या देवळाशी कितीही जिव्हाळा असला तरी किहीमला कायमचे राहायला आलेल्या कुटुंबाने आपल्या येथील प्रमुख धर्मगुरूंना भेटून नाव नोंदवणे अगत्याचे आहे. आजारपणात रुग्णाभ्यंग संस्कार आणि ख्रिस्तप्रसाद मिळण्यासाठीही हे आवश्यक आहे. अंत्यविधीची तयारी पेटीपासून सुरू होत नाही, या संस्कारांपासून सुरू होते.

अंत्यविधीची मिस्सा साधारणपणे स्वतःच्या धर्मग्रामाच्या देवळात होते. मात्र प्रत्येक भाविकाला दुसरे देऊळ निवडण्याची मुभा आहे. त्यासाठी तेथील प्रमुख धर्मगुरूंची संमती घ्यावी लागते आणि स्वतःच्या धर्मगुरूंना कळवावे लागते. मृत्यू स्वतःच्या धर्मग्रामाबाहेर झाला, मृतदेह परत नेला नाही आणि दुसरे देऊळ निवडलेले नसेल, तर जेथे मृत्यू झाला तेथील देवळात विधी होतो. दफनभूमीही निवडता येते. म्हणजे "मला किहीमजवळच मूठमाती द्या" किंवा "मला आईवडिलांजवळ न्या", यांपैकी कोणतीही इच्छा ख्रिस्तसभा मान्य करते. ती आपण सांगून ठेवली पाहिजे, एवढेच.

दिवसाविषयीही थोडे जाणून घ्यावे. पवित्र गुरुवार, गुड फ्रायडे आणि पवित्र शनिवार, पाळण्याचे मोठे सण, तसेच आगमनकाळ, प्रायश्चित्तकाळ आणि पुनरुत्थानकाळ यांतील रविवार या दिवशी अंत्यविधीची मिस्सा अर्पण करता येत नाही. अशा वेळी दफनविधी होतो आणि मिस्सा पुढे अर्पण केली जाते. हे ठाऊक नसल्यामुळे काही कुटुंबांचा गैरसमज होतो.

दहनाविषयी अजूनही विचारणा होते. १९६३ पासून ख्रिस्तसभेने दहनाला परवानगी दिली आहे. ख्रिस्ती शिकवणीला विरोध म्हणून ते निवडलेले नसावे. दफनाची प्रथा ख्रिस्तसभेला अधिक प्रिय आहे. २०१६ च्या सूचनापत्राने स्पष्ट केले की रक्षा पवित्र जागी ठेवावी. ती घरी ठेवू नये, वाटून घेऊ नये आणि समुद्रात किंवा हवेत विखरू नये. डिसेंबर २०२३ मध्ये, मृताच्या जीवनात महत्त्वाच्या असलेल्या ठिकाणी रक्षेचा अल्प अंश ठेवण्याची विनंती धर्माधिकारी काही अटींवर विचारात घेऊ शकतात, असे उत्तर देण्यात आले. किहीमच्या समुद्रावर प्रेम करणाऱ्या ज्या बंधुभगिनींच्या मनात "माझी रक्षा येथेच सोडा" अशी इच्छा आहे, त्यांनी त्याविषयी आधीच धर्मगुरूंशी बोलावे. ते ओझे मुलांवर टाकू नये.

कबर विकत घेता येते काय?

पूर्वी अनेक ठिकाणी कुटुंबाला कायमची कबर मिळत असे. मुंबईसारख्या शहरात आता जागेची टंचाई इतकी आहे की, बहुतेक ठिकाणी ठरावीक वर्षांनंतर तीच कबर दुसऱ्यासाठी वापरली जाते आणि अस्थी भिंतीतील कोनाड्यात किंवा सामाईक जागेत ठेवल्या जातात. म्हणून "आमची कबर आहे" या समजुतीवर विसंबू नये. कबर कायमची आहे की मुदतीची, ती कोणाच्या नावावर आहे, शेवटचे दफन कधी झाले आणि पुन्हा उघडण्यास किती वर्षे जावी लागतात, हे त्या धर्मग्रामाच्या कार्यालयात जाऊन विचारावे आणि पावती जपून ठेवावी.

खर्चाच्या बाबतीत साधेपणाचाही विचार व्हावा. वसईतील काही धर्मग्रामांत शवपेटीऐवजी साध्या कापडी कफनात दफन करण्याची पद्धत स्वीकारली गेली आहे. लाकूड वाचते, माती लवकर माती होते आणि श्रीमंत व गरीब यांच्या अंत्यविधीतील अंतर कमी होते. महागडी पेटी म्हणजे मोठे प्रेम, असे समीकरण आपल्या मनात नकळत रुजले आहे. "माझी पेटी साधी असावी," एवढे एक वाक्य आपण लिहून ठेवले, तर मुलांची लोकलाजेतून सुटका होईल.

पैसा कसा ठेवावा?

अंत्यविधीचा खर्च काही तासांत करावा लागतो. बँकेत नामनिर्देशन केलेले असले, तरी मृत्यूचा दाखला मिळून रक्कम हाती येण्यास दिवस लागतात. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्यासाठी चारपर्यंत व्यक्तींचे नामनिर्देशन करता येते. ही सोय चांगली आहे, पण पहिल्या रात्री तिचा उपयोग नाही. म्हणून अंत्यविधीपुरती रक्कम पतीपत्नीच्या किंवा विश्वासू मुलाच्या संयुक्त खात्यात, दोघांपैकी कोणालाही किंवा हयात असलेल्याला व्यवहार करता येईल अशा पद्धतीने, वेगळी ठेवावी. किती ठेवावी, हे आपल्या धर्मग्रामात आणि स्थानिक अंडरटेकरकडे आजचा खर्च विचारून ठरवावे आणि दोन-तीन वर्षांनी पुन्हा पाहावे. अशा खात्यात पैसा आपलाच राहतो, त्याला व्याज मिळते आणि आजारपणात तो उपचारालाही उपयोगी पडतो. बहुसंख्य कुटुंबांसाठी, कंपनीकडे आगाऊ भरण्यापेक्षा हाच मार्ग आम्हांला अधिक सुरक्षित वाटतो.

ज्याने आपल्या खिशातून खर्च केला त्यालाही कायद्याचे संरक्षण आहे. आपणा ख्रिस्ती लोकांना लागू असलेल्या १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याचे कलम ३२० असे सांगते की, मृताच्या ऐपतीला शोभेल असा वाजवी अंत्यविधीचा खर्च आणि अखेरच्या आजारपणाचा खर्च हा इतर सर्व कर्जांच्या आधी मालमत्तेतून दिला जावा. भावंडांत या खर्चावरून होणारे वाद टाळण्यासाठी पावत्या ठेवाव्यात.

मृत्युपत्र करताना दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. धर्मदाय कार्यासाठी काही ठेवण्याची इच्छा असल्यास तेही त्यात लिहावे. पूर्वी त्याच कायद्याच्या कलम ११८ मुळे, जवळचे नातेवाईक असलेल्या ख्रिस्ती व्यक्तीला धार्मिक किंवा धर्मदाय कार्यासाठी मालमत्ता ठेवण्यावर बंधने होती. त्यांत मृत्यूच्या किमान बारा महिने आधी मृत्युपत्र करण्याची अट होती. जुलै २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवले. मात्र अंत्यविधीची इच्छा केवळ मृत्युपत्रात लिहू नये, कारण मृत्युपत्र बहुधा दफनानंतरच उघडले जाते.

एक कागद, तीन प्रती

म्हणून आमची सूचना अगदी साधी आहे. एका कागदावर पुढील गोष्टी लिहाव्यात: पूर्ण नाव, बाप्तिस्म्याचे धर्मग्राम आणि आताचे धर्मग्राम, प्रथम कोणाला कळवावे त्यांचे दूरध्वनी क्रमांक, नेहमीच्या डॉक्टरांचे नाव, मिस्सा कोणत्या देवळात व्हावी, दफन कुठे, कबरीचा क्रमांक आणि पावती कुठे आहे, परदेशातील मुलांसाठी थांबावे की नाही, पेटी, फुले आणि भोजन यांबाबत साधेपणाची इच्छा, नेत्रदानाची इच्छा असल्यास तसे, आणि खर्चाची रक्कम कोणत्या खात्यात आहे. नेत्रदान काही तासांतच व्हावे लागते, म्हणून ती इच्छा सर्वांना ठाऊक असली पाहिजे. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करावी लागते, हेही त्यावर लिहून ठेवावे. घरी मृत्यू झाल्यास ती ग्रामपंचायतीत करावी लागेल.

या कागदाची एक प्रत घरी, एक मुलांपैकी एकाकडे आणि एक धर्मग्रामाच्या कार्यालयात द्यावी. "परदेशातील मुलांसाठी थांबू नका" हे वाक्य लिहिणे सोपे नाही. परंतु ते आईने स्वतः लिहिलेले असेल, तर विमान न मिळालेल्या मुलीच्या मनावरचा आयुष्यभराचा भार त्या एका ओळीने हलका होईल.

ज्यांच्याकडे ठेवायला काही नाही

या सर्व सूचना वाचून एखादी विधवा भगिनी म्हणेल, "वेगळी ठेवायला रक्कमच नाही, मी काय करू?" तिला आमचे सांगणे आहे की तिने निश्चिंत असावे. गरिबीमुळे कोणीही योग्य अंत्यविधीपासून वंचित राहू नये, असे ख्रिस्तसभेचा कायदा स्पष्टपणे सांगतो. अंत्यविधीसाठी दिले जाणारे दान हे विधीचे मूल्य नाही. संस्कार आणि प्रार्थना विकल्या जात नाहीत. अडचण असल्यास धर्मगुरूंना मोकळेपणाने सांगावे. त्यात कमीपणा नाही.

परंतु धर्मग्रामाच्या बाजूनेही तयारी हवी. छोट्या ख्रिस्ती समूहांनी आणि संत विन्सेंट डी पॉल संस्थेच्या बंधुभगिनींनी मिळून दरमहा ऐपतीप्रमाणे थोडी रक्कम जमा करण्याचा आणि चार तरुणांचे पथक तयार ठेवण्याचा विचार करावा. रात्री फोन आला तर डॉक्टरांना कोण आणील, शववाहिका कोण बोलावील, बाईंजवळ कोण बसेल, हे आधी ठरलेले असावे. किहीमसारख्या ठिकाणी, जेथे आपली घरे विखुरलेली आहेत, तेथे हे पथक कोणत्याही कंपनीच्या योजनेपेक्षा लवकर पोहोचेल. जुन्या लानुवियमच्या मंडळाने वीस मैलांपलीकडे तिघांना पाठवण्याचा नियम केला होता. आपण एका धर्मग्रामात राहून निदान तेवढे करू शकतो.

अरिमथाईकर योसेफाची कबर आपण विसरलो नसू. ज्यांना शक्य आहे त्यांनी आपल्या अंत्यविधीसाठी रक्कम बाजूला काढताना तिच्यातला एक लहानसा हिस्सा धर्मग्रामाच्या निधीत दुसऱ्या कोणासाठी ठेवावा. तो कोणाच्या उपयोगी पडेल हे आपल्याला कदाचित कधीच कळणार नाही.

दर वर्षी २ नोव्हेंबरला, सर्व मृत भाविकांच्या स्मरणदिनी, आपण दफनभूमीत जातो, कबरी स्वच्छ करतो, मेणबत्त्या लावतो. यंदा त्या दिवशी घरी परतल्यावर चहाच्या वेळी कुटुंबाने एकत्र बसावे आणि वडीलधाऱ्यांनी हा विषय स्वतःहून काढावा. मुलांनी त्यांना गप्प करू नये. ऐकून घ्यावे आणि कागद-पेन आणून द्यावे. पुनरुत्थानावर आपली श्रद्धा आहे. ज्यांची ही श्रद्धा आहे त्यांना आपल्या मरणाविषयी घरात शांतपणे बोलता आले पाहिजे.